काकूंचा शनिवार

शैलाकाकू आठल्ये फार चांगल्या बाई, असं एडिनबरातला कुठलाही मराठी माणूस तुम्हाला सांगेल. चार वर्षं मीही तेच सांगत होतो. आता कुणी विचारलं तर मी त्यांच्या कपांबद्दल सांगतो.

सोनेरी काठाचे बारा कप. इतके पातळ, की उजेडासमोर धरले तर पलीकडची बोटं दिसावीत. एकाहत्तर साली सांगलीहून डॉक्टर नवऱ्याबरोबर इथं आल्यावर पहिल्याच नाताळात घेतलेले. डॉक्टर आठल्ये गेले, मुलगा ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला, पण बारापैकी एकाही कपाला कधी टवका उडाला नाही. दर रविवारी चार वाजता मॉर्निंगसाइडमधल्या त्यांच्या दगडी घरात आम्ही मराठी मंडळी जमायचो. खिडकीतल्या कुंडीतला गवती चहा तोडून काकू चहा टाकायच्या, काचेच्या कपाटातून एकेक कप काढायच्या आणि प्रत्येकाच्या हातात स्वतः द्यायच्या. हवापाणी वाईट, ऑफिसातले लोक तुसडे, व्हिसाची टांगती तलवार; त्यात तो एक तास घरच्यासारखा वाटायचा.

तेरावा कप माझा होता. जाड, तपकिरी, वर लांब केसांच्या हायलँड गाईचं चित्र. टुरिस्टांच्या दुकानात मिळतो तसला. मी दोन हजार दोनमध्ये इथल्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामावर आलो. पहिल्या रविवारी पोचलो तेव्हा चहा अजून ओतायचा होता.

"मेश्राम का? नागपूरचे? नागपुरात कुठे?" काकूंनी विचारलं.

"इंदोऱ्यात," मी म्हणालो.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. हे मी बोललो नाही, पण आडनाव आणि वस्ती कळल्यावर बोलायचं काही उरतही नाही. काकू हसून आत गेल्या आणि तो गाईचा कप घेऊन आल्या. "तुला मोठा कप. तुमच्याकडे चहा भरपूर लागतो ना!"

मी हरखून गेलो. खोटं कशाला सांगू? माझी आई मी बारावीत असताना गेली. तेव्हापासून मला काय लागतं आणि किती लागतं याची चौकशी कुणी केली नव्हती. पुढच्या रविवारी तोच कप आला, त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, घरच्या माणसाचा कप ठरलेला असतो. मला कांजिण्या झाल्या तेव्हा काकूंनी दहा दिवस मऊ खिचडी पोचवली, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून, दारात ठेवून. "डबा परत आणू नकोस हं, टाकून दे," असं फोनवर बजावायच्या. मला त्यातही मायाच दिसली. माणूस एकदा मायेला भुकेला झाला की त्याला काहीही खपतं.

दोन हजार चारमध्ये लग्न होऊन अनुराधा आली. माझी बायको. ती नागपुरात कॉलेजात शिकवायची, तिला डोळे होते. पहिल्या रविवारी काकू तिला म्हणाल्या, "तुम्ही नवराबायको एकाच कपात घ्या, बाई. नवीन लग्न झालंय, किती गोड दिसेल!" सगळे हसले. मीही हसलो. अनू माझ्या कपातून चहा प्याली आणि तिनं खोलीभर नजर फिरवली. मंडळींपैकी पुष्कर आणि सुचेताचंही नवंच लग्न झालं होतं. त्यांच्या हातात दोन सोनेरी कप होते.

दोन महिन्यांनी अनूनं मदत म्हणून सगळे कप सिंकमध्ये भिजत घातले. माझाही घातला. काकूंनी तो पाण्यातून दोन बोटांनी उचलून बाजूला काढला. "त्याचं चित्र उतरतं गं, म्हणून मी वेगळा धुते." धुतला आणि मागच्या दाराजवळ, बागकामाच्या हातमोज्यांशेजारच्या हुकाला अडकवला.

बसमध्ये अनू म्हणाली, "चार वर्षं झाली तरी उतरलं नाही ते चित्र?"

"दोन वर्षं," मी म्हणालो.

"मिलिंद, तुला कळतंय मी काय म्हणतेय ते."

कळत होतं. म्हणून तर मी चिडलो. "तुला सगळीकडे तेच दिसतं," असं मी तिला म्हणालो. ज्या वाक्यानं आम्हाला गावागावांतून गप्प बसवलं गेलं, तेच वाक्य मी माझ्या बायकोला एडिनबराच्या बसमध्ये ऐकवलं. त्यानंतर वर्षभर आमच्या घरात हा एकच विषय काही ना काही निमित्तानं निघायचा. ती पुरावे मांडायची, मी काकूंचं वकीलपत्र घ्यायचो. त्या जुन्या वळणाच्या आहेत. त्या कुणाचंच उष्टं खात नाहीत. त्यांनी खिचडी दिली. तिनं एकदा तो आइस्क्रीमचा डबा घासूनपुसून, घरचा चिवडा भरून काकूंना नेऊन दिला. चिवडा छान झाला होता म्हणे. पुढच्या रविवारी डबा होता तसाच, भरलेला, हातमोज्यांच्या फळीवर होता.

मग अनूला दिवस राहिले. सातव्या महिन्यात काकू आपण होऊन म्हणाल्या, "डोहाळजेवण माझ्याकडे. ओटी मी भरणार. बाळाला आजी नको का?" मला भरून आलं. घरी आल्यावर अनूनं कोटसुद्धा काढला नाही.

"ही बाई माझ्या बाळाची आजी होणार असेल, तर बाळाला कुठल्या कपात दूध देणार ते मला आधी कळायला पायजे," ती म्हणाली. चिडली की तिची मराठी सरळ इंदोऱ्यात जाते. "तू म्हणतोस ना, तसं काही नाही? दाखव. नाही दाखवता आलं तर मी त्या घरात पाय ठेवणार नाही आन् बाळही ठेवणार नाही."

डोहाळजेवण मार्चमधल्या एका रविवारी ठरलं होतं. त्याच्या बरोबर आदल्या आठवड्यातल्या शनिवारी काकूंनी आम्हाला जपानी चहाला नेलं.

फुलं मांडायच्या क्लासमध्ये त्यांची ओकादाबाईंशी ओळख झाली होती. त्या एका चर्चच्या हॉलमध्ये जपानी चहाचा विधी करून दाखवणार होत्या. "चहा करायला दोन तास! बघू तरी काय दिवे लावतात," काकू म्हणाल्या. आम्ही दुपारी त्यांना घ्यायला गेलो तेव्हा त्यांचा चहा चाललाच होता. सोनेरी कपात. आम्हाला विचारलं, अनू नको म्हणाली.

हॉलमध्ये लाकडी जमिनीवर चटया अंथरल्या होत्या. एका कोपऱ्यात लोखंडी किटली निखाऱ्यावर सूं सूं करत होती. पन्नासेक माणसं खुर्च्यांवर बघायला बसली होती. ओकादाबाई साठीच्या, करड्या किमोनोतल्या, आवाज अगदी हळू. पाहुणे म्हणून चार माणसं हवीत, असं त्यांनी विचारताच काकूंनी हात वर केला आणि दुसऱ्या हातानं माझी बाही ओढली. माझ्यामागोमाग अनूही आली. चौथी एक स्कॉटिश बाई, मिसेस मॅक्लीन, ओला रेनकोट खुर्चीवर टाकून आली.

चहा पाहुण्यांनी कसा घ्यायचा याची ओकादाबाईंनी आधी साध्या कोमट पाण्यावर तालीम घेतली. एकच वाडगा, दोन्ही ओंजळीत मावेल एवढा. पहिल्यानं तीन घोट घ्यायचे, जिथं ओठ लागले तेवढा काठ ओल्या कागदानं पुसायचा, वाडगा फिरवायचा आणि शेजारच्याला द्यायचा. देण्याआधी वाकून म्हणायचं, तुमच्या आधी घेतला, माफ करा. आम्ही ओळीनं बसलो होतो. आधी मिसेस मॅक्लीन, मग काकू, मग मी, शेवटी अनू, तिच्यासाठी बुटकं स्टूल आणलं होतं. मिसेस मॅक्लीननं पाणी पिऊन वाडगा पुढे केला. मी श्वास रोखून काकूंकडे बघत होतो. काकूंनी तो घेतला आणि खुशाल प्यायल्या.

"उष्टं बिष्टं काही नाही हं आता," त्या माझ्याकडे वळून हसल्या. "परदेशात राहायचं तर चालवून घ्यावं लागतं."

मी अनूकडे असं बघितलं जणू खटला जिंकलोय.

प्रत्यक्ष चहाच्या आधी काकूंचा गुडघा धरला. त्या कशाबशा उठल्या. ओकादाबाईंनी दुसरं स्टूल मागवलं आणि ते अनूच्या पलीकडे ठेवलं. आता ओळ अशी झाली: मिसेस मॅक्लीन, मी, अनू, काकू. शेवटच्या पाहुण्यानं वाडगा संपवून परत द्यायचा असतो, तो मान काकूंचा, असं ओकादाबाईंनी सांगितलं. काकूंनी मान डोलावली.

आधी गोड आलं. लालसर कडधान्य शिजवून, वाटून, साखर घालून केलेला छोटा गोळा. "अगं, हे तर पुरणच की!" काकू मोठ्यांदा म्हणाल्या. आपला संपवला, आणि अनूला गोड नको होतं म्हणून तिनं हात न लावलेला तिचाही संपवला. मग ओकादाबाई कामाला लागल्या. धुतलेलीच भांडी त्या आमच्यासमोर रेशमी फडक्यानं पुन्हा पुसत होत्या. डबी पुसली, चमचा पुसला, वाडगा गरम पाण्यानं विसळून पुसला. मला खरं तर कंटाळा आला होता आणि पायांना मुंग्या. काकू मात्र गुंगून गेल्या.

"सोवळं बघ कसं आहे," त्या अनूच्या कानाशी म्हणाल्या. "अगदी आपल्यासारखं."

अनू म्हणाली, "तुमच्यासारखं."

बांबूच्या कुंच्यानं हिरवी पूड घोटता घोटता ओकादाबाई प्रेक्षकांना माहिती देत होत्या. जुन्या काळी लढवय्ये तलवार बाहेर ठेवून चहाच्या खोलीत यायचे. दार मुद्दाम बुटकं, मोठ्या माणसालाही वाकूनच आत यावं लागे. आत सरदार नाही, नोकर नाही. सगळ्यांचा वाडगा एक. लोकांनी कौतुकानं माना हलवल्या. काकूंनीही हलवली.

मिसेस मॅक्लीन प्यायली. मी प्यायलो. घट्ट, कडू, पालकाची भाजी वाटल्यासारखं. काठ पुसला, वाडगा फिरवला, वाकलो, अनूला दिला. तिनं एकच घोट घेतला. नंतर तिनं काठ पुसला, शिकवल्याप्रमाणे, जितका पुसायचा तितकाच. सात महिन्यांचं पोट सांभाळत ती स्टुलावर वळली, दोन्ही हातांत वाडगा धरून काकूंसमोर वाकली आणि मराठीत म्हणाली, "तुमच्या आधी घेतला, काकू. माफ करा."

काकूंचे हात मांडीवरच राहिले.

"नको गं," त्या म्हणाल्या. "आज माझा शनिवार ना. उपास."

अनू तशीच वाकलेली. वाडगा तसाच पुढे. हॉलमध्ये किटलीचा आवाज तेवढा येत होता. ओकादाबाई वाट बघत होत्या, पन्नास माणसं वाट बघत होती, आणि त्या सगळ्या माणसांत त्या वाक्याचा अर्थ कळणारे फक्त आम्ही दोघं होतो. शनिवार धरणाऱ्या कुठल्याही मराठी बाईला विचारा. उपासाला चहा चालतो. चहावरच तर दिवस निघतो. न चालणारं म्हणजे कडधान्य. आणि ती बाई आत्ता आमच्यासमोर दोन गोळे खाऊन, पुरणच की गं, म्हणाली होती.

अनू हळू आवाजात म्हणाली, "काकू, उपासाला चहा चालतो. पुरण नाही चालत."

काकूंचा चेहरा उतरला, मग आवळला गेला. ओकादाबाईंनी मला विचारलं, बाईंना बरं वाटत नाहीये का? आणि मी, मिलिंद मेश्राम, इंजिनिअर, आजोबांचा नातू, त्यांना इंग्रजीत म्हणालो, त्यांचा धार्मिक उपास आहे, कृपया गैरसमज नसावा. सवय! अनूनं माझ्याकडे एकदाच बघितलं. मी वाडगा तिच्या हातातून घेतला आणि उरलेला चहा एका दमात संपवला. ओकादाबाईंनी धर्माचा मान राखत खाली वाकून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना बसमध्ये काकू हवेबद्दल बोलल्या.

घरी अनू रडली नाही, ओरडली नाही. "तू त्यांना सांगून ये. मी येणार नाही. फोनवर नको, समोर सांग," एवढंच म्हणाली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी चारच्या आधीच गेलो. काकू एकट्याच होत्या. टेबलावर ओटीचं सामान मांडून ठेवलेलं होतं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, नारळ, खण. साडी चांगली होती, पुण्याहून कुणाकडून तरी मागवलेली. ते बघून मला जास्तच संताप आला. साडी द्यायची, ओटी भरायची, खिचडी रांधायची, सगळं करायचं. फक्त त्यांच्या ओठांना आमच्या ओठांचं लागता कामा नये. नुसता द्वेष असता तर मी चार वर्षं फसलो नसतो.

"डोहाळजेवणाला आम्ही येणार नाही," मी म्हणालो.

"कालचं मनावर घेतलंस का रे?" काकूंचे डोळे भरले. "माझं काय प्रेम नाही तुमच्यावर?"

"आहे ना," मी म्हणालो. "दारापर्यंत."

त्यांना ते लागलं. लागू दे, असं मला वाटलं. मी त्यांच्या किचनमध्ये गेलो. चार वर्षांत त्या किचनमध्ये मी कधी चहा केला नव्हता, करू दिला गेला नव्हता. पातेलं ठेवलं, कुंडीतला गवती चहा कात्रीनं कापला, मागच्या दाराजवळच्या हुकावरून माझा कप काढला. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. "अरे, मी करते की," दोनदा म्हणाल्या.

कपात चहा ओतला. त्यांच्यासमोर उभा राहून तीन घोट प्यायलो. खिशातल्या रुमालाची कड नळाखाली ओली केली, जिथं ओठ लागले होते तेवढा काठ पुसला, कप फिरवला. दोन्ही हातांत धरून वाकलो.

"तुमच्या आधी घेतला, काकू. माफ करा. आज रविवार आहे."

मला खरंच वाटत होतं की त्या घेतील. एवढं सगळं होऊनही! त्या वेळी त्यांनी एक घोट घेतला असता तर मी अनूसमोर नाक घासलं असतं, बाळाला त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं असतं. कप गरम होता, बोटं भाजत होती. काकूंनी हात पुढे केला. कपाच्या कानाला स्पर्श होईल इतका पुढे आला तो. मग तसाच मागे गेला आणि पदराला पुसला गेला. पदराला काही लागलेलं नव्हतं, हाताला काही लागलेलं नव्हतं.

"ठेव तिथं," त्या म्हणाल्या. "निवू दे. मग घेते."

मी ओट्यावर ठेवला. आम्ही दोघं उभे राहिलो. चहावर साय धरली. चार वाजले असतील, बाहेर पुष्कर आणि सुचेताची गाडी थांबल्याचा आवाज आला. काकू सावरल्या, दार उघडायला निघाल्या. मी चहा सिंकमध्ये ओतला, कप विसळला, दिवाणखान्यात गेलो, काचेचं कपाट उघडलं आणि माझा ओला कप सोनेरी काठाच्या बारा कपांच्या मधोमध ठेवला. दोन कप सरकवावे लागले. कपाट लावलं. पुष्करला हाय म्हणून बाहेर पडलो.

मुलगी जूनमध्ये झाली. तिचं नाव देविका. काकूंचं कार्ड आलं, आत लोकरीचं टोपडं होतं. अनूनं ते हॉस्पिटलमधल्या नर्सला देऊन टाकलं.

ऑगस्टमध्ये देविकाला प्रॅममध्ये घालून मी मॉर्निंगसाइड रोडनं चाललो होतो. लोकांनी देऊन टाकलेल्या वस्तू विकणाऱ्या तिथल्या एका चॅरिटी शॉपच्या खिडकीशी थांबलो. आत मखमली कापडावर चहाचा सेट मांडला होता. पांढरा, पातळ, सोनेरी काठाचा. एकालाही टवका नाही. मी मोजले. पस्तीस वर्षं जपलेले बाराच्या बारा होते. शेजारी, त्यातलाच असल्यासारखा, गाईच्या चित्राचा एक तपकिरी कप.